शुक्रवारची नोंद

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तो सरळ मार्गाने आला नाही, आणि त्याला आणण्यात माझा हात होता. हे आता सांगण्यात काही मोठेपणा नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी तेव्हा सांगितलं नाही.

नव्वदीची सुरुवात होती. ठाण्यात वागळे इस्टेटच्या कडेला, दुसऱ्या मजल्यावर, एका स्ट्रक्चरल इंजिनियरचं ऑफिस होतं. साहेब इमारतींच्या खांब-तुळयांची गणितं करायचे आणि आम्ही पाच जण त्यांची ड्रॉइंग काढायचो. मी डोंबिवलीची, डिप्लोमा झालेली, तेविशीची, आणि स्वतःबद्दल फारच चांगलं मत असलेली.

पाचांत सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन काका. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. घरची होडी होती. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं, मासळी गेली, होडी विकली आणि काकांनी शाईचं पेन हातात घेतलं. त्याला तीस वर्षं झाली होती. पन्नाशी उलटलेली, दुसरं काही येत नव्हतं, आणि परत जायला पाण्यात काही उरलं नव्हतं.

मला काम त्यांनीच शिकवलं. ट्रेसिंग पेपरवर शाई चुकली तर ती खोडत नाहीत, खरवडतात. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घ्यायचा, हात हलका ठेवायचा, कागद फाटू न देता शाई तेवढी उचलायची. मग ती जागा नखाच्या पाठीने घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर तिच्यावर पुन्हा ओढलेली रेघ फुटते. मी काम दाखवायला नेलं की काका डोळे मिटून कागदावरून अंगठा फिरवायचे आणि नेमक्या जागी थांबायचे. "बाय, घोटला नाय नीट." दर वेळी हेच. मला संताप यायचा, कारण दर वेळी ते खरं असायचं.

त्याची भरपाई मी जेवणाच्या सुट्टीत करायचे. काका बाहेर गेले की त्यांच्या बोलण्याची नक्कल करून दाखवायचे, आणि सगळे पोट धरून हसायचे. त्यांनी सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, डबा उघडला की खिडकी उघडायला मीच उठायचे. काका मान खाली घालून जेवायचे. एकदाही काही बोलले नाहीत, म्हणून मला वाटायचं की त्यांना कळत नसावं.

डोंबिवलीत संध्याकाळच्या क्लासला जाऊन मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकले होते, आणि तेव्हापासून साहेबांच्या मागे लागले होते. साहेब संशयी माणूस. सिमेंटच्या गोणीवरही विश्वास न ठेवणारा. कुठल्याही दुकानदाराचं ऐकून मशीन घ्यायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यांनी तीन दुकानांतून तीन मशीन ट्रायलवर आणवली आणि एकाच लांब टेबलावर ठेवली. डावं, मधलं आणि उजवं. फेब्रुवारी ते एप्रिल, लाइट असेल त्या दिवशी दहा ते सहा तिन्ही चालू. ठाण्याची वीज, ठाण्याचा उकाडा, इस्टेटची धूळ, सगळं त्यांना सोसू दे, म्हणाले. आणि एक रजिस्टर ठेवलं. प्रत्येक मशीनला एक पान. बिघाड झाला तरच नोंद करायची: वार, तारीख, वेळ, काय झालं.

नोंदी ठेवायचं काम काकांना दिलं.

"ज्याला यातलं काही कळत नाही, तोच खरं लिहील," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "तीन महिन्यांत एक जरी मशीन न थांबता चाललं, तर ते घेऊ. नाहीतर आपले बोर्ड आहेत आणि शाई आहे."

मशीन आलं तर एक माणूस कमी होणार आणि तो कोण, हे शिपायालाही ठाऊक होतं. म्हणजे ज्याची नोकरी जायची, त्याच्याच हातात पेन दिलं होतं. मला तेव्हा त्यात क्रूर काही दिसलं नाही. मला एवढीच धास्ती होती की म्हातारा खोटं लिहील.

डावं मशीन दुसऱ्याच आठवड्यात जळालं. मागून धूर आला आणि ऑफिसभर करपल्याचा वास पसरला. उजवं फ्लॉपी खायचं, एक वाचायचं आणि चार नाकारायचं, त्याचं पान काकांच्या सुबक अक्षरात वरपासून खालपर्यंत भरून गेलं. मधलं मात्र चालत राहिलं. मी मनाशी ते आपलं मानून टाकलं होतं. सकाळी आले की आधी त्याच्यावरची धूळ पुसायचे. माझ्या घरच्यांचीही मी एवढी काळजी घेत नव्हते.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बसवलं आणि रजिस्टर मोठ्याने वाचायला मला दिलं. डावं झालं, उजवं झालं. मधल्याचं पान उघडलं तर कोऱ्या पानावर वरती एकच नोंद होती. मार्चमधली. "शुक्रवार. दुपारी २.२० स्क्रीन थांबली. बंद करून चालू केलं. २.५५ परत थांबली."

ही एक नोंद खरी ठरली तर मशीन येत नव्हतं. मी पुन्हा वाचली, आणि मग वाराकडे लक्ष गेलं.

आमचा भाग कारखान्यांचा. शुक्रवारी तिथे विजेची सुट्टी असायची. दर शुक्रवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाइट नाही. त्या दिवशी आम्ही साइटवर तरी जायचो नाहीतर खिडकीपाशी बोर्ड ओढून काम करायचो.

"काका," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजातला आनंद मला आजही ऐकू येतो, "शुक्रवारी मशीन चाललं कसं? होडीतून आणलेलीत का लाइट?"

सगळे खो-खो हसले. काका उभे राहिले.

"त्या दिशी लाइट व्हती."

"शुक्रवारी?"

"लिवला हाय म्हंजे व्हती. मी खोटा नाय लिवत."

ते एवढंच म्हणत राहिले. लाइट का होती हे त्यांना आठवत नव्हतं. स्वतःच्या हाताने लिहिलंय, यापलीकडे आणखी पुरावा लागतो हेच त्यांना पटत नसावं. पुन्हा हशा झाला. मी त्यांच्याच सुरात "व्हती, व्हती" म्हटलं, त्यावर तर टिटवाळ्याहून येणारा आमचा गंभीर सहकारीसुद्धा टेबलावर डोकं टेकून हसला.

साहेब हसले नाहीत. "तुम्हाला दुसऱ्या ऑफिससाठी चिठ्ठी देणार होतो मी," ते काकांना म्हणाले. "आता देणार नाही. मे महिना पुरा करा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मधलं ठेवून घ्या."

काका बोर्डावर जाऊन बसले आणि अर्धवट राहिलेलं तुळईचं ड्रॉइंग पुढे ओढायला लागले. मी चोरून पाहिलं. रेघ सरळ होती.

सगळे पांगल्यावर मी रजिस्टर कपाटात ठेवायला घेतलं. आपण जिंकलो ते पान एकदा पाहावं म्हणून उघडलं. नोंदीशेजारी, समासात, एक फिकट गुलाबी डाग होता. अंगठ्याचा.

आणि मला सगळं आठवलं. त्या गुरुवारी धुळवड होती. कारखाने बंदच, म्हणून त्या आठवड्याची विजेची सुट्टी गुरुवारीच उरकली होती आणि शुक्रवारी लाइट होती. बाकीच्यांनी जोडून रजा घेतली होती. साहेब घरून परस्पर माजिवड्याच्या साइटवर गेले होते. त्या शुक्रवारी ऑफिसात फक्त मी आणि काका. कोळीवाड्यातली होळी म्हणजे वर्षाचा सण, काकांची नखं गुलाबी झाली होती. "काका, कीबोर्डला हात लावू नका हं, रंग लागेल," असं मीच त्यांना बजावलं होतं. एक वाजेपर्यंत मी त्याच मधल्या मशीनवर काम करत होते. मग मीही माजिवड्याला गेले. दोन वीसला ऑफिसात काका एकटे होते.

साहेब आतल्या केबिनमध्ये होते. दहा पावलं होती.

विसरले होते म्हणण्याची सोय त्या क्षणी संपली. मी आत जाऊन सांगितलं असतं तर मशीन परत गेलं असतं, मी खोटी पडले असते, आणि ज्याच्यावर मी ऑफिसला हसवून हसवून लोळवलं होतं त्याची माफी सगळ्यांसमोर मागावी लागली असती. मला मशीन हवं होतं आणि माफी मागायची नव्हती. ड्रॉवरमधून मी ब्लेडचा अर्धा तुकडा काढला, हात हलका ठेवला, कागद फाटू न देता गुलाबी रंग तेवढा उचलला. फार सफाईने. केबिनचं दार वाजलं तशी रजिस्टर मिटून कपाटात टाकलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मधलं मशीन थांबलं. बंद करून चालू केलं, अर्ध्या तासाने पुन्हा थांबलं. उकाडा वाढला की ते असंच करायचं. दोन दिवसांचं ड्रॉइंग गेलं. काका चार हातांवर पाठमोरे बसले होते. मी साहेबांना सांगितलं की क्लायंटने बदल सुचवलेत, आणि ड्रॉइंग पुन्हा काढलं. पुढची तीन वर्षं मी त्या मशीनच्या चुका अशाच झाकल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी काकांनी पेनं धुऊन, पुसून, डब्यात ओळीने लावून माझ्या टेबलावर ठेवली. साहेबांनी केबिनच्या दारातून मला सांगितलं, "रजिस्टरवर त्यांची सही घ्या. प्रत्येक पानावर. नोंदी त्यांच्या आहेत."

मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. डाव्याच्या पानावर सही झाली, उजव्याच्या झाली. मधल्याच्या पानावर त्यांनी पेन टेकवलं, थांबले, आणि डाव्या हाताचा अंगठा समासावरून फिरवला. डोळे मिटून. नेमक्या जागी थांबला.

साहेब अजून दारातच उभे होते. काकांचा एक शब्द पुरला असता.

काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्याच आवाजात, साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "बाय, घोटला नाय नीट."

मग त्यांनी त्या शुक्रवारच्या नोंदीखाली सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत थांबून रजिस्टर मिटलं.