शेलूत कुणाची?

खोपोली ते शेलू या टापूत कुणीच कुणाला परकं नाही, हे माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी एकहाती सिद्ध केलं होतं. नातं सापडल्याशिवाय ते कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. "परक्याचं पानी घशाखाली उतरत नाय," म्हणायचे. मात्र तहानलेले ते कुठूनच परतले नाहीत. रक्ताचं नातं निघालं नाही तर म्हशीचं निघायचं. यजमान कुठल्याही जातीचा असो, त्याच्या आजाने यांच्या आजाकडून एखादी म्हैस नेलेलीच असायची. शिळफाट्यावर बैलगाडीला कंदील नाही म्हणून एका पोलिसाने त्यांना अडवलं, तर तो थोड्याच वेळात भाचजावई ठरला आणि आमच्या ताईला त्याच्यासाठी वडे तळावे लागले. बांधावरून हातघाईवर आलेल्या दोघांना तुम्ही मामा-भाचे आहात, हे त्यांनी पटवून दिलं. त्यावर भाच्याला लग्नात न मिळालेला आहेर आठवला आणि भांडण वाढलं.

सत्तरीनंतर एका लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, ते म्हणाले, "थांबा रं. ही दोगं चुलत भावंडं हायत." त्यांच्या शब्दाला मानच एवढा, की भटजी थांबले आणि म्हातारी मंडळी मांडवाबाहेर पिढ्या उलगडत बसली. तसं काहीच निघालं नाही. सगळे हसले, आम्हीही हसलो. पुढे ते ताईच्या नवऱ्याला, म्हणजे पोटच्या मुलाला, मेव्हणा म्हणू लागले तेव्हा कुणी हसलं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी अल्झायमर हे नाव सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. या आजारात त्यांच्यामधले दुवे आधी तुटत जातात, पेशी मागाहून मरतात, असं ते म्हणाले.

"म्हंजे घरं हायत, येनंजानं मोडलं," ताई म्हणाली. डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना पाण्याची अट ठाऊक नव्हती. ताईला मात्र तीच धास्ती होती: आपण परक्या झालो की मामा (सासऱ्यांना ती मामाच म्हणे) आपल्या हातचं खाणार नाहीत.

तो दिवस आलाच. ती पेज घेऊन गेली की ते विचारायचे, "कुठली गं तू?"

"शेलूची."

"शेलूत कुनाची?"

ती आमच्या बापाचं नाव सांगे, आजाचं सांगे, शेवटी म्हशीवर येई. काहीतरी जुळलं की ते वाटी घेत. हळूहळू जुळेनासं झालं.

मी शेवटचा गेलो त्या सकाळी तिने आठवतील तेवढी नावं सांगून पाहिली. ते मान हलवत राहिले. अखेर ती थकून म्हणाली, "नाय लागत काय, मामा. परकीच हाय मी. पन पेज गरम हाय."

 त्यांनी खाटेवर जरा सरकून तिला जागा केली.

"बस," म्हणाले. "निगंल कायतरी."

आणि नातं निघायची वाट न बघता त्यांनी वाटी तोंडाला लावली.