नुसते ठिपके

दिवाळीची साफसफाई करताना रांगोळीचा डबा हाताला लागला आणि लातूरची ती चित्रशाळा आठवली. डाळमिलच्या जुन्या गोदामात भरायची. कुणीही यावं, येईल तसं काढावं. सगळ्यांचीच चित्रं भिंतीवर लागायची. रंगांनासुद्धा तुरीच्या डाळीचा वास यायचा.

मी तेव्हा वांगं काढायला शिकत होते, आणि तेही जमत नव्हतं. शेजारी देगलूरच्या अक्का बसायच्या, लेकीकडे राहायला आलेल्या. एके दिवशी त्यांनी काळ्या कागदावर बोटानं पांढरे ठिपके काढले, अगदी सरळ ओळींत, आणि हात पुसला.

"अक्का, आता जोडा की," मी म्हणाले.

"न्हाई बाई. झालं माझं."

"अहो, अर्धंच राहिलंय!"

"राहू द्या. यंदा आमच्या घरी रांगोळी न्हाई."

त्यांचे यजमान उन्हाळ्यात गेले होते, हे लेकीनं नंतर सांगितलं. घरात कुणी गेलं की वर्षभर दारात रांगोळी काढत नाहीत. मग अक्कांनी ठिपके तरी का काढले? रीत पाळली म्हणायची, की मोडली? मला काही उलगडलं नाही.

यंदा माझी आई नाही. डबा परत ठेवायला उठले, तर समोर फरशीवर ठिपके, सरळ ओळींत. हात कधी चालला, कळलंच नाही. पुसवेनात, आणि जोडायचे तरी कसे?

"आई, जोड की पुढं," लेक म्हणाली.

"झालं माझं," मी म्हणाले. काय झालं, ते मात्र मला सांगता आलं नसतं.