गाळाच्या टाकीत उतरलेला माणूस

आमचं गाव अमळनेरच्या वरच्या अंगाला, बोरी नदीच्या काठी. गावाचं सांडपाणी पूर्वी नाल्यातून थेट नदीत जायचं. ग्रामपंचायतीत निवडून आल्यावर मी हट्टाने नाल्याच्या तोंडाशी छोटा प्रकल्प करून घेतला. आधी गाळ खाली बसवणारी बंद टाकी, पुढे खडीचा लांब वाफा, त्यात कर्दळ. वाफ्यातून नितळ पाणी निघायचं. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, टाकीचा पाइप तुंबला. काळं पाणी काठावरून उतू जाऊन नदीकडे निघालं. खालच्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर तिथून दोनशे पावलांवर. दुपारी त्यांच्या सरपंचाचा फोन आला, "तुमची घाण आमच्या विहिरीत उतरतेय, अक्का."

मी टाकीपाशी पोचले तेव्हा पंचायतीचा सफाई कामगार आणि त्याचा धाकटा भाऊ झाकण काढून उभे होते. कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता. बांबूने ढोसून पाइप मोकळा होत नव्हता. कामगार धोतर खोचू लागला.

"भाऊ, उतरू नका. अमळनेरहून गाळ उपसायची गाडी मागवते," मी म्हणाले.

"गाडी सांजले ई. तवलोंग बठ्ठं नदीमा जाई. दोन मिनिटनं काम शे, अक्का." गाडी संध्याकाळी येईतो सगळं नदीत गेलेलं असेल, हे त्याचं म्हणणं खरं होतं.

प्रकल्प बांधणाऱ्या इंजिनिअरने मला बजावून सांगितलं होतं, टाकीत माणूस उतरवायचा नाही. वास येतोय तोवर गॅस आहे हे निदान कळतं तरी. वास अचानक थांबला तर गॅस इतका वाढलाय की नाकच बधिर झालंय असं समजा. हे सगळं मला आठवत होतं. पण कानात सरपंचाचा आवाज होता. मी एवढंच म्हणाले, "मग कमरेला दोर बांधा."

तो दोर बांधून, बांबू घेऊन शिडीने खाली गेला. गाळ ढवळल्याचा आवाज येत होता. मग तो खालून म्हणाला, "अक्का, आते वास बी नही येस."

"वर या! आत्ता वर या!" मी ओरडले. खालून फक्त बांबू पाण्यात पडल्याचा आवाज आला.

धाकटा भाऊ "दादा!" म्हणत शिडीकडे धावला. मी त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. तो मला फरफटत नेत होता, शिव्या देत होता. "तू गेलास तर दोघं मराल! दोर ओढ!" मी किंचाळले. शेजारच्या कपाशीतून दोन माणसं धावत आली. चौघांनी दोर ओढला. दोर ताणला जाई, पण वजन हलेना. शेवटी तो वर सरकला, पण टाकीच्या तोंडाशी त्याचा खांदा अडकला तेव्हा मला वाटलं, आपण प्रेतच ओढतोय.

बाहेर काढला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. भावाने त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला गाळ बोटाने काढला. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो खोकला.

धुळ्याच्या दवाखान्यात तो आठ दिवस होता. मी रोज जायचे आणि वॉर्डाच्या दारातच थबकायचे. तिसऱ्या दिवशी त्याची बायको बाहेर आली. ती ओरडली नाही.

"नदी साफ व्हई, अक्का. पन मना मानूस गया व्हता ते?"

तिचा नवरा खरंच गेला असता. "मी थांबवायला हवं होतं," एवढंच पुटपुटले. ती आत निघून गेली.

पुढच्या ग्रामसभेत मी झालं ते सगळ्यांसमोर सांगितलं, माझी चूकही. आता टाकीला कुलूप आहे. गाळ उपसायला गाडीच येते आणि त्यासाठी एक दिवस थांबावं लागलं तर आम्ही नाल्यालाच मातीचा बांध घालतो. त्या कामगाराला पंचायतीने पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम दिलं. जिना चढताना तो अजून धापा टाकतो.

गाडी येते त्या दिवशी मी तिथे हजर असते, पण दहा पावलं लांब. झाकण उघडलं की मी जोरजोरात श्वास घेऊन बघते, वास येतोय ना.