वाटणीत गेलेलं ऊन

माझ्या धाकट्या भावाच्या गच्चीवर सौर पॅनल बसले, त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पित्त झालंय. तिने कोकम सरबत करून दिलं, ते निमूटपणे प्यालो.

भावाची गच्ची असं लिहिलं खरं, पण ती माझीही होऊ शकली असती. वडील गेल्यावर नाशिकरोडच्या आमच्या दुमजली घराची वाटणी झाली. आम्ही दोघंच भाऊ. मी मोठा, म्हणून पहिली पसंती माझी, असं त्यानेच सांगितलं. मी खालचा मजला घेतला. अंगण होतं, नळ होता, माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते. वरचा मजला आणि गच्ची त्याच्याकडे गेली. वाटणीपत्राचा मसुदा मी लिहिला, कारण घरात अक्षर माझंच चांगलं. ‘गच्चीचा संपूर्ण वापर वरच्या मजल्याकडे राहील’ हे वाक्य माझ्या हातचं. वर त्याला चिडवलंही होतं, “घे गच्ची, संक्रांतीला पतंग उडव!” वैशाखात वरचा मजला किती तापतो हे दोघांनाही ठाऊक होतं. तो नुसता हसला आणि सही करून मोकळा झाला.

मी तीस वर्षं औष्णिक वीजकेंद्रात नोकरी केली, तीही बॉयलरवर. घरी आलो की बायको माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. आमच्याकडे त्या काळी दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय कुणी घडी घालत नसे, आणि वाळवणाच्या कुरडयांवर जुन्या धोतराचं पान पांघरलेलं असे. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. वीज करायची तर राख होणारच, अशी आमची सरळ समजूत होती. मला तर धुराड्याचा अभिमान होता. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम गच्चीवर नेऊन मी ते दाखवायचो. “तुमच्या घरातला पंखा आम्ही फिरवतो,” असं म्हणायचो, आणि पाहुणे मान डोलवायचे.

भाऊ हार्डवेअरचं दुकान चालवायचा. खिळे, कड्या, बिजागऱ्या. विजेला तो लहानपणापासून भ्यायचा. बल्ब बदलायचा असला तरी जिन्यातून हाक यायची, “दादा, वर येतोस का रे?” मी टेस्टर घेऊन वर जायचो. त्याची बायको चहा ठेवायची. त्याने शिक्षण माझ्यापेक्षा जास्त घेतलं, पैसा माझ्यापेक्षा जास्त मिळवला, मुलं त्याची जास्त शिकली. पण विजेतलं ज्याला कळतं असा माणूस घरात एकच होता. तेवढ्यावर मी निवृत्तीनंतरही बरा जगत होतो.

मग दिवस फिरले. कोळसा घाण, धूर घातक, असं जो तो सांगू लागला. वीजकेंद्रातले जुने संच बंद झाले. सरकारने छतावरच्या सौरविजेला अनुदान जाहीर केलं. हे सगळं योग्यच आहे, हे मलाही कळतं. राख माझ्याइतकी कुणी खाल्ली आहे? पण जन्मभर ज्या कामाचा अभिमान बाळगला, ते काम आता लोकांच्या तोंडी वाईट उदाहरण म्हणून यायला लागलं, आणि नवी वीज उतरली ती नेमकी माझ्या भावाच्या डोक्यावर. ऊन कुणाच्या बापाचं नसतं म्हणतात. आमच्या घरात ते वाटणीपत्राने धाकट्याचं झालं होतं, तेही माझ्या सुवाच्य अक्षरात.

पॅनल बसवले त्या दिवशी भावजयीने पेढे आणले. म्हणाली, “दादा, आता आपली वीज उन्हाची. धूर नाही, राख नाही, काही नाही!” ती ‘आपली’ म्हणाली होती. मला मात्र धूर आणि राख एवढंच ऐकू आलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी भाऊ मोबाईल घेऊन खाली येई. आज किती युनिटं झाली ते त्यात दिसायचं. “दादा, आज बारा!” दहावीचा निकाल दाखवावा तसा तो मला आकडा दाखवायचा. मी “छान” म्हणायचो आणि वर्तमानपत्र उघडायचो. दिंडोरीचा आमचा चुलतभाऊ आला, द्राक्षबागवाला, त्याच्या शेतावरही सौरपंप बसलेला. तो गच्चीवर जाऊन आला आणि खाली येऊन माझ्यासमोर बसून म्हणाला, “लय भारी काम हे, दादा. तुमच्या कोळशाचा जमाना गेला आता.” मी त्याला चहाही विचारला नाही. बायकोने विचारला.

भावजय देवाधर्माची आणि दृष्ट-बिष्ट मानणारी. येणारा-जाणारा वर बघू लागला, तशी ती अस्वस्थ झाली. समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी तीनदा चौकशी केली म्हणून तिचा सगळा संशय त्यांच्यावर. तिने गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याला लोखंडी गज बांधला आणि त्यावर हातभर लांबीची काळी बाहुली टांगली. आमच्याकडे नव्या घराला, नव्या गाडीला काळी बाहुली टांगतात, तशी तिने पॅनलला टांगली. माझ्यावर संशय येणं शक्यच नव्हतं. मी घरचा, त्यातून वडीलधारा.

आठवड्याभरात भाऊ खाली आला तो चेहरा पाडून. “दादा, युनिटं कमी पडायला लागली. ऊन तर तेवढंच आहे. तू एकदा बघतोस का?”

मी गुडघे सांभाळत वर गेलो. जानेवारीचे दिवस, सूर्य दक्षिणेला कललेला. पाहिल्याबरोबर कळलं. बाहुलीची सावली पुढच्या रांगेतल्या पॅनलवर आडवी पडली होती. सकाळी एका पॅनलवर, दुपारी दुसऱ्यावर, अशी ती दिवसभर सरकत जाणार होती. पॅनल एकमेकांना जोडलेले असतात. एकावर सावली पडली की त्याचा फटका बाकीच्यांनाही बसतो. हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. बाहुली चार हात बाजूला घ्यायची, बस्स.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी पॅनलवरून बोट फिरवलं, ते त्याला दाखवलं आणि म्हणालो, “धूळ आहे. रोज धुवायला पाहिजे.”

का म्हणालो? त्या क्षणी मला फार बरं वाटलं, म्हणून. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. तो मोठ्या खुशीत म्हणाला, “बघ, तुला लगेच कळलं!”

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून गच्चीवर पाणी मारू लागला. नाशिकची थंडी, टाकीचं बर्फासारखं पाणी, आणि हा साठीला आलेला माणूस हातात लांब दांड्याचा ब्रश घेऊन पॅनल घासतोय. खाली अंथरुणात मला फरशीवर पडणारं पाणी ऐकू यायचं. बायको म्हणायची, “भाऊजी एवढ्या गारठ्यात काय धुतात हो रोज? सर्दी झालीय त्यांना.” मी कूस बदलायचो. युनिटं वाढली नाहीत, तेव्हा भावजयीने दृष्ट भारी आहे असं ठरवून त्याच गजावर जाळीत घालून एक कोहळाही टांगला. युनिटं आणखी उतरली. भाऊ रोज आकडा दाखवायला येईनासा झाला, आणि मला त्या संध्याकाळी दोन घास जास्त गेले.

पंधरा दिवसांनी त्याने कंपनीचा फिटर बोलावला. मलाही वर बोलावलं, विजेतली भाषा मला कळते म्हणून. फिटर तरुण होता, पण कामाचा. जिना चढून आला, एकदा गजाकडे बघितलं, एकदा पॅनलकडे, आणि हसला. “काका, हे काय टांगलंय? सावली पडतेय ना त्याची. हे काढा, बाकी सिस्टीम ओके आहे.”

भावजय ओशाळली. भाऊ मात्र ऐकेना. “नाही हो, सावलीचं काही नसणार. आमचे दादा तीस वर्षं वीजकेंद्रात होते. ते स्वतः इथे उभं राहून बघून गेलेत. सावली असती तर त्यांना दिसली नसती का?”

फिटरने माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहिलं. फिटर गजाची गाठ सोडायला लागला. बाहुली आणि कोहळा खाली आले. भावाने मोबाईल काढला, आणि थोड्याच वेळात आकडा चढायला लागलेला त्याला दिसला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाला, “दादा, तुझे डोळे दाखवून घेऊ या. मोतीबिंदू असेल. या वयात होतो.”

त्याने मला सुटायला दिलेली ही वाट होती, आणि ती देतोय हे त्याला माहीतही नव्हतं. मी “बरं” म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी त्याने दुकान बंद ठेवून मला स्कूटरवर मागे बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. जाताना मी मनात सगळं ठरवलं होतं. चौथी ओळ धूसर म्हणायची, पाचवी दिसतच नाही म्हणायची. डॉक्टर पुढे काय म्हणायचं ते म्हणोत.

मदतनीस बाईंनी मला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितलं. भाऊ माझ्या मागे उभा. पहिल्या तीन ओळी मी वाचल्या. चौथीला थांबलो. तेवढ्यात मागून तो त्या बाईंना म्हणाला, “खालचं मला नाही दिसत चष्मा लावूनसुद्धा, त्यांना कुठून दिसणार? ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत. थकलेत आता.”

हे त्याने मायेनेच म्हटलं असणार. पण मला ते सोसलं नाही. गच्ची त्याची, ऊन त्याचं, नवी वीज त्याची, आणि आता डोळेही माझ्यापेक्षा चांगले त्याचेच म्हणायचे? मी चौथी ओळ वाचली. पाचवी वाचली. अगदी तळाची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ मी खणखणीत आवाजात वाचली. न, प, ग, र, ट. मग दुसरा डोळा झाकून तीच ओळ पुन्हा, एकही अक्षर न चुकता.

“वा, आजोबा! नजर एकदम चांगली आहे,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासलं, मोतीबिंदू नाही म्हणाले. भावाने फी दिली, त्यांचे आभार मानले. आम्ही स्कूटरवरून परत निघालो. सिग्नलला तो थांबला आणि मागे न बघता त्याने विचारलं, “त्या दिवशी बाहुली दिसली होती?”

“दिसली होती,” मी म्हणालो.

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तेव्हा कुठे त्याने गाडी पुढे घेतली. घरी आल्यावर मला उतरायला नेहमीसारखा हात दिला आणि जिना चढून वर गेला. त्याने आपल्या बायकोला काय सांगितलं ते मला कळलं नाही. ती अजूनही सणावाराला पहिलं ताट माझ्यासाठी पाठवते, त्यावरून काही सांगितलं नसावं.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी वरची वीज गेली. खालची आमची होती. जिन्यात पावलं वाजली, म्हणून मी टेस्टर घेऊन दारात येऊन उभा राहिलो. भाऊ खाली आला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि फाटकाबाहेर जाऊन फिटरला फोन लावला.