छर्रा मी सोडणार

सुहासनं खिशातून रुमाल काढला. मी टेबलाखालून उचलून दिलेला पोलादी छर्रा त्यानं घासून पुसला आणि मगच पन्हळीत ठेवला. सर बघत होते. म्हणाले, "पुसलेला बरा. वर्सोव्याचा हात लागलाय." सगळी लॅब हसली. मी कोळ्यांची पोर. मला कळलं.

अकरावी सायन्स, अंधेरीचं कॉलेज. प्रयोग साधा. छर्रा उतरत्या पन्हळीतून टेबलाच्या कडेला येतो, आडवा सुटतो, वळत जाऊन जमिनीवरच्या कार्बन पेपरवर पडतो. ठिपका उमटतो. तो किती लांब, ते मोजायचं. वेग पुढे नेतो, पृथ्वी खाली खेचते, दोघं एकमेकांच्या कामात लुडबुड करत नाहीत. पन्हळीतून जोरात सोडा नाहीतर हळू, कडेपासून जमिनीवर यायला वेळ तेवढाच. पृथ्वी जात बघून खेचत नाही. सर बघायचे.

गट तिघांचा. सुहास छर्रा सोडायचा, दुसरी मुलगी माप घ्यायची, मी खाली उकिडवी बसून घरंगळणारा छर्रा धरायचे. अख्खी टर्म हेच. परीक्षेत प्रयोग ज्याचा त्यानं एकट्यानं करायचा, आणि मी छर्रा एकदाही सोडलेला नव्हता. सरांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुम्हाला खाली बसायची सवय असते गं. आईला बघतेस ना बाजारात?" रविवारी त्याच आईपुढे वाकून पापलेटाचे कल्ले उघडून बघणारा हा माणूस. तेव्हा नाकाला काही होत नव्हतं.

त्या दिवशी तो रुमाल बघितला आणि डोकं सटकलं. पुढचा छर्रा मुठीतच ठेवला.

"दे ना गं, टाइमपास काय करतेस?" सुहास.

"आता मी सोडणार. खाली तू बस."

तो सरांकडे बघायला लागला. सर म्हणाले, बाहेर हो. मी गेले नाही. छर्रा पन्हळीवर ठेवला, सोडला. टक्. ठिपका उमटला. छर्रा घरंगळत कपाटाखाली गेला.

"उचल तो."

"नाही उचलणार, सर."

कुणीच वाकलं नाही. विज्ञानाचे एवढे पुजारी, एकाचीही कंबर वाकेना.

सरांनी जर्नलवर सही नाकारली. माफी लिहून दे, मग बघू, म्हणाले. दिली नाही. परीक्षा हुकली, वर्ष गेलं. यंदा त्याच टेबलाशी पुन्हा उभी राहणार आहे, माफी न लिहिता. आणि जिथे आमच्या मुलींना खाली बसवतात तिथे जाऊन एवढंच सांगते: प्रयोगाला हात लावू देत नसतील, तर प्रयोग होऊ देऊ नका.