सातशे किलोमीटरचा दोरा

आमच्या घरातून विमानात बसणारा पहिला माणूस म्हणजे माझा मोठा भाऊ. नागपूरला औषधांच्या कंपनीत लागून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि साहेब त्याला तातडीच्या कामासाठी विमानानं मुंबईला धाडणार होते. पत्र आलं तेव्हा शिरपुरातल्या आमच्या कापडाच्या दुकानात पेढे वाटले गेले. आईनं पेढा हातातच धरून विचारलं, "विमान मंधात कुठी थांबते काय?"

वडील हसले. त्यांनी माझा शाळेचा नकाशा गादीवर पसरला, शिलाईच्या दोऱ्याचं एक टोक नागपूरवर दाबलं, दुसरं मुंबईवर ताणलं आणि दोरा पट्टीला लावून जाहीर केलं, "सातशे किलोमीटर. दीड घंटा. तुया सैपाक होईस्तोर पोरगं मुंबईत!" दोरा त्यांनी खिशात टाकला. आम्हाला नागपूरलाच जायला एसटीनं अख्खा दिवस लागायचा, त्यामुळे आईला तो दीड तास काही पटला नाही.

नेमकं आम्हा जैनांचं उपासांचं पर्युषण आलं. आईचे सलग दोन निर्जळी उपास झाले. तिसऱ्या सकाळी पारणं, आणि त्याच सकाळी आठला विमान. आईनं पाण्याचा पेला बाजूला सारला. "पोरगं खाली उतरल्याचं समजल्याबिगर घोट घेनार नाही." सूर्य बुडाला की आमच्यात पाणीही चालत नाही. म्हणजे संध्याकाळपर्यंत निरोप आला नाही, तर तिसरी रात्रही कोरडी. त्यात ती नुकतीच टायफॉइडमधून उठलेली. मला तिचा भयंकर राग आला. आजही येतो.

भाऊ मुंबईहून वाशीमला मामांच्या दुकानात ट्रंककॉल करणार आणि मामा शिरपूरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देणार, असं ठरलं होतं. बाराच्या गाडीला मी स्टँडवर गेले. चिठ्ठी नाही. तीनच्या गाडीलाही नाही. घरी आले तर आई चटईवर डोळे मिटून पडलेली.

"अवं, कवाचाच उतरला असन," वडील म्हणाले. "फोनच लागून नसन राह्यला."

वडिलांनी आभाळाकडे पाहिलं. ढग गच्च होते. ते पुन्हा दुकानात जाऊन बसले, पण गिऱ्हाइकाला मापायला घेतलेलं कापड त्यांनी दोनदा उलगडलं.

शेवटची गाडी सहाची. ती सव्वासहाला आली. पंचांगात सूर्यास्त साडेसहानंतरचा, पण जेमतेम. कंडक्टरनं खिडकीतूनच हात बाहेर काढला, "अव पोरी, तुया मामानं देल्ली!"

मी पळतच चिठ्ठी वाचली. भाचा सुखरूप, साडेनवालाच उतरला, फोन आत्ता लागला. म्हणजे आम्ही दिवसभर ज्याला आभाळात अडकवून ठेवलं होतं, तो मुंबईत आरामात फिरत होता!

घरात शिरता शिरताच ओरडले. आई भिंतीला धरून उठून बसली. "जेवला काय तो?"

"तू आधी पाणी घे!" मी खेकसले आणि मग रडायलाच लागले. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि सगळं पाणी संपवलं. इतकं हलकं मला क्वचितच वाटलं असेल.

"म्या म्हनलं होतं ना, दीड घंटा!" वडील दारातून मोठ्यानं म्हणाले आणि जेवायला बसण्यासाठी हात धुवायला गेले. तेव्हा त्यांच्या मुठीतून तो दोरा खाली पडला. दिवसभरात त्याला त्यांनी इतक्या गाठी मारल्या होत्या, की आता तो नागपूरपासून अकोल्यापर्यंतही पुरला नसता.