वणीच्या स्पर्धेला निघालेली पिशवी

सकाळी सातच्या बसने यवतमाळ सोडलं तेव्हा माझ्यासोबत एक विद्यार्थिनी, तिने बनवलेली एक पिशवी आणि माझी फाइल होती. तिघांत माझा सगळ्यात जास्त भरवसा फाइलीवर होता. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत. जोडपत्रं पूर्ण असली की जगात काहीही मंजूर होतं, यावर आमची देवापेक्षा जास्त श्रद्धा. ओळखपत्र, गुणपत्रिका, प्राचार्यांचं शिफारसपत्र, सगळ्याच्या तीन-तीन प्रती मी घेतल्या होत्या. पिशवीची मात्र एकच प्रत होती, आणि हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. दोन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी माझ्याकडे 'नवउद्योजक कक्ष' सोपवला. कक्ष म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली आधीच्या सरांबरोबर निवृत्त झालेली. मुलामुलींच्या नव्या धंद्यांसाठी अनुदानं आणि स्पर्धा शोधून काढणं हे माझं काम. शोधायला लागले आणि डोकंच गरगरलं. एका अनुदानाला फक्त विद्यार्थी चालत होते, पण त्यांचा धंदा तीन वर्षं जुना हवा होता. एका स्पर्धेची प्रवेश फी बक्षिसापेक्षा जड होती. एका कार्यालयातून मला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, तिथून मागच्या इमारतीत, आणि मागच्या इमारतीतले साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, हे तं दुसऱ्या मजल्यावर पाहते." अशा शोधाशोधीत वणीतल्या एका संस्थेची स्पर्धा हाताला लागली. पाच मिनिटं बोलायचं, नमुना टेबलावर ठेवायचा, जिंकलं तर धंदा सुरू करायला मदत.

सपना तिसऱ्या वर्षाला आहे, ढाणकीजवळच्या तांड्यावरची. कापूस वेचताना बाया कमरेला फडक्याची ओटी बांधतात. ती भरत जाते तशी कंबर ओढली जाते आणि संध्याकाळी सरळ उभं राहवत नाही. सपनाची पिशवी दोन्ही खांद्यांवर बसते, वजन पाठीवर घेते, आणि खालचं झाकण सोडलं की कापूस एकदम मोकळा होतो. शिवली तिच्या याडीने (आईने). काठाला आरसे लावलेले. वेचणीच्या पिशवीला आरसे कशाला, असं मी विचारलं होतं. "याडीले साधं शिवताच येत नाही, मॅडम," असं उत्तर मिळालं.

ही स्पर्धा तिच्यासाठी साधी नव्हती. पुण्यातल्या भावाने तिच्यासाठी एका कंपनीत पॅकिंगचं काम ठरवलं होतं आणि रविवारच्या गाडीचं तिकीटही काढलं होतं. पिशवीला कुठूनही मदत मिळाली तर पोरगी इथेच राहील, पिशव्या करील, असा शब्द बापाने दिला होता. नाही मिळाली तर पुणे. तो दिवस गुरुवार होता.

कंडक्टर तिकिटं फाडत आले तेव्हा खिडकीपाशी पिशवी बसली होती आणि सपना कडेला अर्धी लटकत होती.

"हिचं तिकीट?" त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"स्पर्धेले चालली थे, काका."

"असं का. मंग नीट बसू द्या तिले," म्हणत ते पुढे गेले.

जोडमोहा मागे पडल्यावर सागाची झाडं सुरू झाली. पानं अर्धी गळलेली, उरलेली मोठमोठी आणि धुळकट. मध्येच पांढरी झालेली शेतं येत आणि सपना बोलता बोलता थांबून बाहेर बघे. करंजीला बस दहा मिनिटं थांबली. तिथे आम्ही आलुबोंडा खाल्ला, वर तर्री (लाल तिखट रस्सा) ओतलेली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हात हलला आणि तर्री फाइलीवर सांडली. प्राचार्यांची सही तेवढी लालभडक झाली. सपना म्हणाली, "आता उठून दिसते, मॅडम." मी कागद रुमालाने पुसला आणि दुसऱ्या प्रतीवर हात ठेवून बसले.

करंजी सोडून पाच-सात किलोमीटर झाले असतील, बस एकदम डावीकडे झुकली. चाकात खिळा गेला होता. दुसरी बस मागून येते आहे, तिच्यात बसा, असं ड्रायव्हरने सांगितलं. रस्त्यालगत शेतात दहा-बारा बाया कापूस वेचत होत्या. मी सावली शोधली. परत वळून पाहते तर सपना पिशवी खांद्याला अडकवून बांध ओलांडत होती.

"कोणाची वं तू?" पुढच्या ओळीतल्या बाईने विचारलं. साठीच्या असतील, कपाळावर ठसठशीत कुंकू, हात बोलतानाही थांबत नव्हते. बाकीच्या त्यांना गंगाबाई म्हणत होत्या.

"ढाणकीकडची, मावशी. तांड्यावरची."

"अन् हे काय घातलं अंगात? दप्तर?"

"कापूस वेचाची पिशवी हाय. म्या बनवली."

गंगाबाईंनी पिशवी उलटीपालटी करून पाहिली, आरशात तोंडही पाहिलं. "दे बरं. एक ओळ पाहतो लावून." कमरेची ओटी सोडून त्यांनी त्यातला कापूस पिशवीत ओतला, रिकामं फडकं सुनेकडे फेकलं आणि पुढे निघाल्या. सपना त्यांच्यामागे पट्टे नीट करत फिरत होती. तिचा चेहरा इतका खुलला होता की मलाही बरं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही.

दुसरी बस आली तेव्हा गंगाबाई शेताच्या पार पलीकडच्या टोकाला होत्या आणि पिशवी अर्धी भरली होती. कंडक्टर हाका मारू लागले. मी सपनाला म्हटलं, "घे परत, चल."

"नाही घेता येत, मॅडम."

"का?"

"थ्यात तिचा कापूस हाय. काट्याअगोदर (वजनाअगोदर) दुसरीच्या ओटीले हात नाही लावत कोणी. तिची मजुरी वजनावर राह्यते. हात लावला म्हणजे कापूस काढला असंच होते."

"मग तिलाच ओतून द्यायला सांग."

"कायच्यात ओतन थे? फडकं तं सुनेच्या कमरेले गेलं. भुईवर ओतला तं कचरा लागते."

तिकडून गंगाबाई ओरडल्या, "संध्याकाळी येजो वं. काटा झाला का घेऊन जाय."

मला भयंकर राग आला. बावन्न वर्षांची प्राध्यापिका शेतात पळत जाऊन एका बाईच्या खांद्यावरून पिशवी ओढू शकते का, याचा मी खरोखर विचार केला. गंगाबाईंचे दंड पाहिले आणि विचार सोडला. "हे असलं पाळत बसलीस तर रविवारी पुण्याला जाशील," असंही मी सपनाला बोलले. आम्ही बसमध्ये चढलो, तेव्हा खिडकीची जागा रिकामी राहिली.

मारेगावनंतर कोळशाचे ट्रक दिसू लागले आणि वणी जवळ आल्याचं कपड्यांवरूनच कळलं. सकाळची माझी पांढरी ओढणी उतरेपर्यंत राखाडी झाली होती. सभागृहात पोचलो तर दारातल्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझ्या फाइलीतला एकच कागद घेतला, तोही लाल सहीचा. "बाकीचं राहू द्या. नमुना कुठं आहे?"

"येतो आहे," मी म्हटलं. आमच्या घराण्यात असं खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं.

आमच्याआधी एका मुलाने कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये किती गर्दी आहे ते सांगणारं ॲप दाखवलं. ते दारातून डोकावूनही कळतं, असं मला वाटलं, पण परीक्षक माना डोलवत होते. परीक्षक तिघं होते. एक निवृत्त बँक अधिकारी, एक वणीतले ट्रकवाले मालक, आणि पांढरे बूट घातलेले नागपूरचे एक तरुण गृहस्थ.

सपनाचं नाव पुकारलं. टेबल रिकामं. ती सरळ माझ्याकडे आली. "मॅडम, ओढणी द्या. अन् फाइल." तिने मला मंचावर नेलं, ओढणीची ओटी करून माझ्या कमरेला बांधली आणि सगळी जोडपत्रं प्रतींसह त्यात कोंबली.

"चाला आता, मॅडम. वाका. अजून वाका. असं दिवसभर."

मी तीनशे लोकांसमोर वाकून चालले. कंबर खरंच ओढली गेली. एवढ्या वर्षांत माझी फाइल पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होती.

मग सपनाने तिची पिशवी कशी बसते ते हातांनी दाखवलं. पांढऱ्या बुटांनी विचारलं, "ग्राहकांचं सर्वेक्षण केलंय का?"

"एका बाईचं केलं, सर. आजच. थिनं पिशवी वापस नाही देली."

सभागृह हसलं. ट्रकवाले हसले नाहीत. "अन् तू घेऊन काहून नाही आली?"

"काटा नव्हता झाला, काका."

त्यांनी मान हलवली. "माझी माय वेचत होती," ते म्हणाले. "बरोबर केलं तू." पण परीक्षकांच्या गुणपत्रिकेत नमुन्याचा रकाना होता, आणि नमुन्यापुढे शून्य. पहिलं बक्षीस कॅन्टीनच्या ॲपला गेलं. आम्हाला तुळशीचं एक रोप मिळालं.

सपना रडली नाही, पण समोर ठेवलेल्या प्लेटला तिने हातही लावला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि सकाळी तिला जे बोलले त्याची लाज वाटली. चहाच्या टेबलावर मी पांढऱ्या बुटांजवळ गेले, भांडायच्या तयारीनेच. तेच आधी बोलले.

"मॅडम, नियमाला मी काही करू शकत नव्हतो. पण आमच्याकडे विद्यार्थ्यांसाठी एक अनुदान आहे. त्यात नमुना टेबलावर लागत नाही, वापरणाऱ्याकडे असावा लागतो. बहुतेकांचा नमुना टेबलावरून कधी उतरतच नाही. मुदत शनिवारपर्यंत आहे." दोन वर्षं मी जे पोर्टलांवर आणि मजल्यांवर शोधत होते, ते चहाच्या कपाशेजारी सापडलं.

चारच्या बसने निघालो. कंडक्टरांना विनंती करून त्या शेतापाशी उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि कडुलिंबाच्या फांदीला काटा टांगलेला होता. गंगाबाईंचा कापूस नुकताच तोलून झाला होता. रोजच्यापेक्षा जास्त भरला, असं सून सांगत होती. पट्ट्यांना दोन गाठी मारून गंगाबाईंनी पिशवी आपल्या मापाची करून घेतली होती.

"कंबर नाही दुखली आज," त्या सपनाला म्हणाल्या. "पण आरसे काढजो. डोळ्यावर चमकते."

"आता द्या मंग, मावशी. झाला काटा."

"आजचा झाला. अजून दोन वेचे (वेचणीच्या फेऱ्या) राह्यले. म्या कोणता काटा म्हणलं होतं, थे सांगतलं का तुले?"

सपना माझ्याकडे पाहून हसली. दिवसभरातलं ते तिचं दुसरं हसू. मी बांधावर बसले आणि मोबाइलवर अर्ज उघडला. वापरणाऱ्याचा अभिप्राय या रकान्यात लिहिलं: कंबर दुखत नाही, आरसे काढावेत. पुढचा रकाना होता: नमुना सध्या कोठे आहे? आजोबांनी अशा ठिकाणी 'सोबत जोडला आहे' असं लिहिलं असतं. मी लिहिलं: गंगाबाईंच्या खांद्यावर. परत देत नाहीत.

यवतमाळच्या बसमध्ये बसलो तोच सपनाच्या बापाचा फोन आला. दोघं गोरबोलीत (बंजारा बोलीत) बोलत होते. मला त्यातला एकच शब्द कळत होता, काटा. तो तिने तीनदा उच्चारला. मी तुळशीचं रोप घट्ट धरून बसले होते. फोन ठेवून ती खिडकीबाहेर पाहायला लागली.

"काय म्हणाले?"

"बक्षीस विचारलं, नाही म्हणलं. अनुदान विचारलं, अर्ज भरला म्हणलं. मंग म्हणे, रविवारी निघ." तिने खिडकीची काच सरकवली. "म्या म्हणलं, पिशवी एका बाईजवळ हाय, काटा नाही झाला अजून. तं म्हणे, दुसरीच्या खांद्यावर आपली वस्तू ठेवून कोणी गावाले जाते का."

"आणि तिकीट?"

"थे वापस करून राह्यले."

प्रवासाला निघताना मी ज्या कागदांवर विसंबले होते, त्यांनी त्या दिवशी फक्त माझी कंबर ओढली. ज्या रीतीपायी आम्ही हरलो म्हणून मी चिडले, तिनेच सपनाला यवतमाळात ठेवलं. हे कुठल्याही अर्जात लिहिता येण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं.

महिनाभराने नागपूरहून ई-मेल आला. अनुदान मंजूर झालं होतं. सगळ्या अटींच्या खाली एक जास्तीची ओळ होती: गंगाबाईंनी पिशवी परत केली का? मी मोबाइल घेऊन सपनाच्या तांड्यावर गेले. ती नव्या पिशव्यांचं कापड कापत होती. याडी मशीनवर होती आणि आरसे आता झाकणाच्या आतल्या बाजूला लावत होती. सपनाने ओळ वाचली आणि नकारार्थी मान हलवली.

मी तिथेच उभ्याने उत्तर टाइप केलं: अजून काटा व्हायचा आहे.